बेंजामिन वाचताना व्याख्या नको, उदाहरण धरा

ताई, नमस्कार.

आमचं पाच जणांचं वाचनमंडळ आहे. या वर्षी वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताचे निबंध वाचायचं ठरलं आणि यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातल्या कलाकृतीबद्दलचा त्याचा निबंध मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या वाचत आले, थोडंफार लिहितेही. पण हा माणूस मला दाद देत नाही. प्रत्येक वाक्य सुटं सुटं कळतं. पान संपलं की हाती काहीच राहत नाही. 'ऑरा' म्हणजे काय हे एका वाक्यात लिहायला बसले, तर जमेना. मंडळातल्या एकाच्या प्रतीत मिकी माऊसवर परिच्छेद आहे, माझ्या प्रतीत तो नाहीच. फोटो आणि सिनेमाबद्दल बोलता बोलता शेवटी एकदम फॅसिझम आणि युद्ध कुठून आलं, तेही कळलं नाही. आधी सोपी सारांशाची पुस्तकं वाचून घेऊ का? मला जर्मन येत नाही, मार्क्स वाचलेला नाही. मग हे वाचायचा मला अधिकार तरी आहे का? आणखी एक. लेखकाची राजकीय भूमिका योग्य असली की पुरे, असं मी समजत होते. बेंजामिन तेवढ्यावर समाधान मानताना दिसत नाही. माझ्यासारख्या कथा लिहिणारीने त्याच्याकडून काय घ्यायचं?

— अडलेली वाचक


प्रिय वाचक,

वाक्य कळतं पण पान हाती लागत नाही, ही तुमची तक्रार अगदी नेमकी आहे. तुमच्या बुद्धीचा त्यात काही दोष नाही. बेंजामिनच्या लिहिण्याची रीतच तशी आहे. आपल्याला वैचारिक लेखन पायरीपायरीने वाचायची सवय लागलेली असते: आधी व्याख्या, मग युक्तिवाद, मग निष्कर्ष. पायऱ्या मोजत गेलं की वर पोचतो. बेंजामिन पायऱ्या बांधत नाही. तो एक चित्र समोर ठेवतो, त्याच्या शेजारी दुसरं ठेवतो आणि दोहोंमधला दुवा पुष्कळदा गाळून टाकतो. तुम्ही तो दुवा शोधत वाक्यांवरून पुढे सरकता आणि चित्राकडे 'हे फक्त उदाहरण' म्हणून बघता. खरं तर त्याचा विचार त्या उदाहरणातच मुरलेला असतो. म्हणून माझा सल्ला थोडक्यात असा: व्याख्या शोधत बसू नका, उदाहरण हातात धरा आणि ते सगळ्या बाजूंनी तपासून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आधी अधिकाराचं बोलू, कारण ती शंका मनात ठेवून कुणालाच नीट वाचता येत नाही. बेंजामिनने १९२५ साली जर्मन शोकनाट्यावरचा मोठा प्रबंध प्राध्यापकीची पात्रता मिळावी म्हणून फ्रँकफर्ट विद्यापीठाला सादर केला. तिथल्या परीक्षकांना तो झेपला नाही. नकाराची नामुष्की टाळायची तर प्रबंध मागे घ्यावा, असं त्याला सुचवण्यात आलं आणि त्याने तो मागे घेतला. त्यानंतर हा माणूस विद्यापीठाबाहेरच राहिला आणि वर्तमानपत्रं, साप्ताहिकं आणि रेडिओ यांच्यासाठी लिहून पोट भरू लागला. आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात मानाने बसलेले त्याचे कित्येक लेख मुळात साप्ताहिक चाळणाऱ्या वाचकासाठी लिहिलेले आहेत. ते वाचायला पदवी लागत नाही. मार्क्सचंही तसंच. या निबंधापुरती एक गोष्ट माहीत असली की भागतं: वस्तू कशा बनतात आणि त्या बनवण्याची साधनं कुणाच्या मालकीची असतात, याचा माणसांच्या विचारांवर खोल परिणाम होतो, असं मार्क्स मानत होता. बाकीचं वाचता वाचता उलगडेल. जर्मन येत असती तर आनंद वाढला असता, हे खरं. पण उदाहरणं अनुवादातही शाबूत राहतात.

सुरुवात कुठून करायची? तुमच्यावर आलेल्या निबंधापासून करू नका. बेंजामिन १९३३पर्यंत बर्लिन आणि फ्रँकफर्टच्या रेडिओवरून मुलांसाठी बोलत असे. लिस्बनचा १७५५चा भूकंप, टे नदीवरचा १८७९ साली कोसळलेला रेल्वेपूल, मिसिसिपीचा १९२७चा महापूर, नामांकित ठग आणि भोंदू असे त्या भाषणांचे विषय आहेत. ती इंग्रजी अनुवादात मिळतात. दोन-तीन वाचा. तत्त्वज्ञानातला एकही जड शब्द न वापरता हा माणूस एका दुर्घटनेभोवती कसा फिरतो, कुठे थांबतो, कुठला तपशील उचलतो, ते दिसेल. मोठ्यांसाठी लिहितानाही त्याचा हात तोच असतो, हे एकदा लक्षात आलं की निम्मी भीती जाते.

आता 'ऑरा', ढोबळपणे म्हणायचं तर कलाकृतीभोवतीचं भारलेपण. तुमच्या निबंधात येण्याआधी हा शब्द १९३१ सालच्या 'छायाचित्रणाचा छोटा इतिहास' या लेखात भेटतो. तो आधी वाचाच. तिथे बेंजामिन चक्क फोटो दाखवत बोलतो. पहिला फोटो डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या स्कॉटिश चित्रकाराने १८४०च्या दशकात काढलेला, न्यूहेवनच्या एका कोळणीचा. तिची नजर खाली आहे. हिलची कारागिरी कितीही वाखाणली तरी त्या फोटोत काहीतरी उरतंच, असं तो म्हणतो. तिथे एकेकाळी खरोखर जगलेली एक बाई आपलं नाव विचारायला लावते. दुसरा फोटो पुढे लेखक झालेल्या लहानग्या काफ्काचा. वय सहाच्या आसपास, अंगात घट्ट, नक्षीदार कपडे, हातात मोठी टोपी, मागे स्टुडिओतले ताडाचे झुबके आणि या सगळ्या सजावटीला न जुमानणारे विलक्षण उदास डोळे. तिसरा गट अ‍ॅत्झे या फ्रेंच छायाचित्रकाराच्या पॅरिसचा: रिकामे रस्ते, रिकामी अंगणं, माणूसच नाही. गुन्ह्याच्या जागेचे फोटो काढावेत तसे ते काढलेले आहेत.

ही तीन चित्रं शेजारी ठेवा आणि एकातून दुसऱ्यात जाताना काय नाहीसं झालं ते आपल्या शब्दांत लिहा. पहिल्यात त्या बाईचं तिथे असणं फोटोला चिकटून आहे. त्या काळची फोटोची सामग्री उजेडाला फार कमी दाद देई, म्हणून माणसाला बराच वेळ निश्चल बसावं लागे. त्या बसण्यात ती व्यक्ती जणू फोटोत मुरत गेली, असं बेंजामिनला वाटतं. दुसऱ्यात ते भारलेपण उरलेलं नाही, म्हणून स्टुडिओवाला पडदे आणि झाडं लावून त्याची नक्कल करतोय. तिसऱ्यात अ‍ॅत्झेने ती नक्कलसुद्धा पुसून टाकली आहे. आता त्याच लेखातला तो प्रसिद्ध प्रसंग वाचा: उन्हाळ्यातल्या दुपारी निवांत पडलेला माणूस क्षितिजावरची डोंगररांग नजरेने पित राहतो, किंवा अंगावर सावली टाकणारी फांदी न्याहाळतो. ती फांदी हाताच्या अंतरावर असली तरी तिच्यात एक दूरपणा आहे. ती इथे आहे, आत्ता आहे, आणि हा क्षण उचलून दुसरीकडे नेता येणार नाही. त्या लेखात ऑरा समजून घ्यायला बेंजामिनने दिलेलं चित्र हेच आहे. तुमच्या एका वाक्यात ते बसलं नाही यात नवल नाही, खुद्द तोही नुसत्या सूत्रावर न थांबता डोंगर आणि फांदी यांच्याकडे वळतो.

इथे एका गैरसमजाबद्दल सांगायला हवं, तो तुमच्या मंडळातही निघेल. 'हरवलेल्या ऑरासाठी बेंजामिन हळहळतो' असं सर्रास म्हटलं जातं. हे अर्धंच वाचन आहे. अ‍ॅत्झेबद्दल तो किती उत्साहाने लिहितो बघा! कोंदट स्टुडिओतली हवा या माणसाने स्वच्छ केली, असं तो म्हणतो. कोळणीच्या फोटोपाशी तो हळवा होतो हेही खरं. ही दोन्ही मनं त्याच्यात एकाच वेळी नांदतात. एकाला खोटं ठरवून दुसरं उचललंत तर निबंध सोपा होईल, पण तो त्याचा राहणार नाही.

मिकी माऊसचं कोडं अगदी साधं आहे. या निबंधाची एकच एक संहिता नाही. १९३५च्या शरद ऋतूत बेंजामिनने पहिला खर्डा केला, मग तो वाढवला. या सुरुवातीच्या खर्ड्यांत मिकी माऊस आहे. १९३६ साली निबंध पहिल्यांदा छापून आला तो फ्रेंचमध्ये, पिएर क्लोसोव्स्कीच्या अनुवादात. त्या वेळी संपादकांनी राजकीय शब्द बोथट केले: 'फॅसिझम'च्या जागी 'एकाधिकारशाही राज्य' आलं आणि मार्क्सचं नाव घेणारी प्रस्तावना गळाली. बेंजामिन नंतरही जर्मन मजकुरावर काम करत राहिला. १९३९च्या त्या शेवटच्या संहितेत मिकी माऊस नाही. राजकीय विचारवंत हॅना अरेंटने संपादित केलेल्या १९६८च्या इंग्रजी संग्रहात ही शेवटची संहिता आहे आणि बहुतेकांच्या हाती तीच येते. तेव्हा मंडळात सगळ्यांनी आधी एकच संहिता ठरवून घ्या, नाहीतर पाच जण वेगवेगळ्या निबंधांवर वाद घालत बसाल. माझं मत विचाराल तर मिकी माऊसवाली घ्या. ती जास्त मोकळी आहे आणि तंत्र म्हणजे निसर्गाशी खेळण्याचीही एक शक्यता, हा विचार तिच्यात स्पष्ट आलाय.

फॅसिझम शेवटी कुठून आला, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो शेवटी आलेला नाही, पहिल्या पानापासून आहे. प्रस्तावनेत बेंजामिन सांगतो की प्रतिभा, चिरंतन मूल्य, गूढता हे कलेबद्दलचे जुने शब्द जपून वापरले नाहीत तर फॅसिझमच्या कामी येतात. मी जे शब्द आणतोय ते फॅसिझमला मुळीच वापरता येणार नाहीत, असं तो म्हणतो. हा दावा कुठल्या परिस्थितीत केला ते पाहा. मार्च १९३३मध्ये तो जर्मनी सोडून पॅरिसला आला. सप्टेंबर १९३४मध्ये न्यूरेंबर्गला नाझी पक्षाचा प्रचंड मेळावा भरला आणि लेनी रीफेनश्टालने त्यावर केलेला चित्रपट पुढच्या वर्षी झळकला. ऑक्टोबर १९३५मध्ये इटलीने इथिओपियावर चढाई केली. त्याच शरद ऋतूत हा निबंध लिहिला गेला. शेवटच्या भागात इटालियन कवी मारिनेत्तीचा जो जाहीरनामा तो उद्धृत करतो तो याच युद्धाबद्दलचा आहे: युद्ध सुंदर आहे, कारण त्यात रणगाड्यांचं नवं वास्तुशिल्प आहे, विमानांच्या भौमितिक रांगा आहेत, जळत्या गावांतून उठणारी धुराची वेटोळी आहेत.

हे उदाहरण धरा. गाव जळतंय आणि एक कवी धुराच्या आकारावर खूश आहे. आता निबंधात उलटं मागे जा. देवळाच्या गाभाऱ्यातली मूर्ती फक्त पुजाऱ्याला दिसायची. तिचं मोल ती असण्यात होतं, लोकांना दिसण्यात नव्हतं. मग कला देवळातून बाहेर पडली, छपाई झाली, फोटो आला, सिनेमा आला आणि कलाकृती लोकांच्या हाती आली. आता तिच्याभोवतीचं भारलेपण सुटायला हवं होतं. फॅसिझमने नेमकं उलट केलं. कॅमेरा, लाउडस्पीकर आणि दिव्यांचे झोत वापरून त्याने ते भारलेपण नेत्याभोवती आणि युद्धाभोवती पुन्हा उभं केलं. लाखोंच्या जमावाला त्याने पडद्यावर आपलं स्वतःचं रूप पाहू दिलं, पण मालमत्तेच्या व्यवस्थेला हात लावू दिला नाही. लोकांना अभिव्यक्ती मिळते, हक्क मिळत नाही. राजकारण सुंदर करून दाखवण्याच्या या खटाटोपाचा शेवट बेंजामिनच्या मते एकाच ठिकाणी होतो, युद्धात. गाभाऱ्यातली मूर्ती आणि मारिनेत्तीचा धूर ही निबंधाची दोन टोकं एकदा हातात आली की मधली पानं आपोआप ताणून बसतात. मंडळात निबंध मांडतानाही मी असंच सुचवेन: शेवटापासून सुरू करा.

आणि कुठे पटलं नाही तर तसं सांगा. मला स्वतःला सिनेमाच्या प्रेक्षकांबद्दलची त्याची आशा पटत नाही. चित्रासमोर एकटं उभं राहणारा माणूस बुजतो, तोच सिनेमागृहात सगळ्यांबरोबर हसता हसता जाणकार टीकाकार होतो, असं बेंजामिनला वाटत होतं. त्याचा मित्र थिओडोर अडोर्नो याने मार्च १९३६मध्ये पत्र लिहून यावर कडक आक्षेप घेतला: सिनेमागृहातल्या हसण्यात क्रांतीचं काही नाही, त्यात क्रौर्यच भरलेलं असतं. अडोर्नो या बाबतीत जरा जास्तच कडवट आहे. तरी न्यूरेंबर्गचा सिनेमाही त्याच प्रेक्षकांनी पाहिला, या प्रश्नाचं पुरेसं उत्तर निबंधात मला सापडत नाही.

आता लिहिणाऱ्याबद्दल. 'कथेकरी' हा १९३६चा निबंध तुमच्या मनाच्या सर्वांत जवळ जाईल. निकोलाय लेस्कोव्ह या रशियन लेखकाचं निमित्त करून तो लिहिलाय. पहिल्या महायुद्धावरून माणसं मुकी होऊन परतली, सांगण्याजोगा अनुभव त्यांच्याकडे वाढला नव्हता, आटला होता, हे त्याचं प्रसिद्ध निरीक्षण तिथेच आहे. पण तुम्ही थांबा ते इजिप्तच्या राजापाशी. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची ती गोष्ट आहे. पर्शियाचा राजा कॅम्बिसीस इजिप्त जिंकतो आणि पराभूत राजा सॅमेनिटसला रस्त्याकडेला उभं करतो. समोरून त्याची मुलगी दासीच्या वेशात घागर घेऊन जाते, मुलगा वधस्तंभाकडे नेला जातो. राजा खाली मान घालून स्तब्ध. मग कैद्यांच्या रांगेत त्याला आपला एक म्हातारा, कंगाल झालेला नोकर दिसतो आणि तो आपलं डोकं बडवून आक्रोश करतो. का? बेंजामिन चार-पाच उत्तरं पुढे ठेवतो. भांडं काठोकाठ भरलं होतं, शेवटच्या थेंबाने सांडलं, हे फ्रेंच निबंधकार माँतेनचं उत्तर. स्वतःच्या रक्ताचं दुःख ते आपलंच नशीब, त्याने राजा हलत नाही, हे दुसरं. दुःख तुंबून राहतं आणि जरा सैल पडलं की फुटतं, हे आणखी एक. मग तो म्हणतो की हेरोडोटस काहीच स्पष्टीकरण देत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट हजारो वर्षांनीही विचार करायला लावते. बातमी त्या क्षणापुरती जगते, स्पष्टीकरण चिकटलं की तिथेच संपते. गोष्ट आपलं बळ राखून ठेवते.

आता हेरोडोटसचा तिसरा खंड उघडून हीच गोष्ट वाचा. तिथे स्पष्टीकरण आहे! कॅम्बिसीस निरोप्या पाठवून विचारतो आणि सॅमेनिटस उत्तर देतो: माझ्या घरचं दुःख रडण्यापलीकडचं होतं, संपन्नतेतून म्हातारपणी भिकेला लागलेल्या सोबत्याचं दुःख अश्रूंजोगं होतं. तो म्हातारा मूळ गोष्टीत नोकरही नाही, राजाच्या पंक्तीला बसणारा मित्र आहे. म्हणजे बेंजामिनच्या सांगण्यात गोष्ट बदलली आहे आणि तिचं उत्तर गळालं आहे. उदाहरण हातात धरा असं मी म्हणते ते यासाठीही. उदाहरण तपासता येतं. ते तपासायला जर्मन लागत नाही, मार्क्स लागत नाही, आणि तपासल्यावर मोठ्या लेखकाशीही बरोबरीने बोलता येतं. मला विचाराल तर या बदलाने त्याचा मुद्दा पडत नाही. नोकर केल्यामुळे आणि उत्तर गाळल्यामुळे गोष्ट जास्त खोल झालीय, म्हणजे त्याने जे सांगितलं ते करूनही दाखवलं. पण तुमच्या मंडळातलं कुणी म्हणेल की आधाराचा खांबच पोकळ निघाला, आणि तेही ऐकण्यासारखं असेल. तुम्ही कथा लिहिता, तर एक प्रयोग करून बघा. आपल्या एखाद्या कथेतलं पात्राच्या वागण्याचं कारण सांगणारं वाक्य काढून टाका आणि कथा उभी राहते का पाहा.

राजकीय भूमिकेच्या प्रश्नाला उत्तर १९३४च्या 'लेखक, एक उत्पादक' या भाषणात आहे. फॅसिझमचा अभ्यास करणाऱ्या पॅरिसमधल्या एका संस्थेसाठी ते लिहिलेलं आहे. एखादी कलाकृती आपल्या काळातल्या उत्पादनसंबंधांबद्दल, म्हणजे वस्तू कोण बनवतं आणि साधनं कुणाच्या मालकीची याबद्दल, काय मत मांडते, हे विचारण्याआधी ती त्या संबंधांच्या आत कुठे उभी आहे हे विचारा, असं तो म्हणतो. उदाहरण फोटोंचंच. त्या काळचे काही झकपक फोटोग्राफर झोपडपट्टीचेही इतके देखणे फोटो काढत की दारिद्र्यसुद्धा चवीने बघायची चीज होऊन बसे. फोटोग्राफरची सहानुभूती खरी असेलही. तरी त्या फोटोने काहीच हललं नाही, उलट बघणाऱ्याची करमणूक झाली. याउलट जॉन हार्टफील्डचे फोटो कापून-जोडून केलेले नाझीविरोधी मुखपृष्ठांचे नमुने पाहा. तिथे तंत्रच भूमिका घेतं. तुमच्या कथेला हा प्रश्न विचारा: ही कथा वाचून वाचक स्वतःवर खूश होतो का? दुःखी पात्राबद्दल कळवळा वाटला म्हणजे आपण चांगली माणसं, एवढ्यावर तो सुटतो का?

याच भाषणात दुसरं एक उदाहरण आहे आणि ते मला बोचतं. सोव्हिएत लेखक सर्गेई त्रेत्याकोव्ह एका सामूहिक शेतावर जाऊन राहिला. त्याने सभा घेतल्या, ट्रॅक्टरसाठी पैसे गोळा केले, एकेकट्या शेतकऱ्यांना सामील व्हायला राजी केलं, भिंतीवरची वर्तमानपत्रं काढली, रेडिओ आणि फिरता सिनेमा आणला. बेंजामिनला हा कर्त्या लेखकाचा आदर्श वाटतो. पण ज्या सामूहिकीकरणात त्रेत्याकोव्ह हात लावत होता ते सक्तीचं होतं आणि त्याच्या पोटातून १९३२-३३चा दुष्काळ निघाला, ज्यात लाखो शेतकरी मेले. भाषणात याचा मागमूस नाही. खुद्द त्रेत्याकोव्हला १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने गोळी घातली. बेंजामिनचा प्रश्न मी माझ्याजवळ ठेवते. त्याचं हे उदाहरण स्वीकारत नाही. लेखकाने आपली जागा विचारावी हे खरं, पण ज्या यंत्रणेत आपण शिरतोय ती माणसांचं काय करते, हेही त्याच दमात विचारावं. तुम्हीही असं करू शकता. आदर वाटणं आणि प्रत्येक उदाहरणाला मान डोलावणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

सारांशाची पुस्तकं आधी वाचू नका. सारांश म्हणजे उदाहरणं वगळून उरलेला मजकूर. बेंजामिनच्या बाबतीत तर त्यातून मुख्य मालच निघून जातो. निबंध एकदा अडखळत वाचून झाल्यावर हवं तर वाचा, म्हणजे लेखकाने काय गाळलं ते तुम्हाला दिसेल. चरित्र मात्र आधी वाचलं तरी चालेल. अरेंटने त्या संग्रहाला लिहिलेली प्रस्तावना म्हणजे मित्राचं शब्दचित्रच आहे, ती फार सुंदर आहे. आणि एक सवय लावून घ्या: अडलेला परिच्छेद हाताने उतरवून काढा. ही युक्ती बेंजामिनचीच आहे. 'एकेरी रस्ता' या १९२८च्या पुस्तकात तो सांगतो की मजकूर नुसता वाचणं म्हणजे विमानातून रस्ता पाहणं आणि उतरवून काढणं म्हणजे त्या रस्त्याने पायी जाणं. वळणं कुठे आहेत ते चालणाऱ्यालाच कळतं. उतरवताना तुम्हाला गाळलेला दुवा नेमका कुठे गाळलाय ते दिसतं. टंकलेखन करून हा फायदा होत नाही, लेखणीच घ्या.

काही मजकूर सध्या बाजूला ठेवा. हिंसेवरचा १९२१चा निबंध आणि अनुवादकाच्या कार्यावरचा १९२३चा निबंध या दोन्हींत उदाहरणं विरळ आहेत आणि विचार फार दाट. वर्षभराने या त्यांच्याकडे. इतिहासाच्या संकल्पनेवरची १८ टिपणंही शेवटी वाचा. ती १९४०च्या सुरुवातीला लिहिलेली आहेत, हिटलर-स्टालिन करारानंतर, आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला स्पेनच्या हद्दीवरच्या पोर्टबूमध्ये, नाझींपासून पळताना फ्रान्सला मागे पाठवणार म्हटल्यावर, त्याने मॉर्फिन घेऊन जीवन संपवलं. नवव्या टिपणातला इतिहासाचा देवदूत, पाउल क्लेच्या चित्रावरून घेतलेला, आता जिथे तिथे शोभेसाठी टांगला जातो. तुम्ही त्याच्याऐवजी सातव्यापासून सुरुवात करा, जिथे जेत्यांची मिरवणूक निघते आणि लुटीचा माल म्हणून संस्कृतीचा वारसा तिच्यात वाहून नेला जातो.

एवढं करूनही काही जागा अंधाऱ्या राहतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बेंजामिनच्या जवळच्या मित्रांचंही त्याच्याबद्दल एकमत नव्हतं. गेर्शोम शोलेमला वाटे की मार्क्सवाद त्याच्या मूळ प्रकृतीला परका आहे. १९३८च्या उन्हाळ्यात बेंजामिन डेन्मार्कमध्ये नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तकडे राहायला होता, तेव्हा ब्रेख्तने रोजनिशीत ऑराच्या कल्पनेवर वैतागून लिहिलं की हा सगळा गूढवाद आहे. एकाला तो फार मार्क्सवादी वाटला, दुसऱ्याला फार गूढ. अडोर्नोची तक्रार तिसरीच होती.

तुमच्या मंडळाला माझी विनंती आहे की या निबंधासाठी एक बैठक पुरेशी धरू नका. पहिल्या बैठकीत तुम्ही फक्त उदाहरणं मांडा: कोळण, अ‍ॅत्झेचे रस्ते, गाभाऱ्यातली मूर्ती, मारिनेत्तीचा धूर. फोटो छापून न्या, टेबलावर ठेवा, आणि प्रत्येकाला त्यांच्यातला दुवा लिहायला लावा. दुसऱ्या बैठकीआधी सगळ्यांनी अडोर्नोचं १९३६चं पत्र वाचून यावं, आणि मग सिनेमागृहाबद्दल मोकळेपणाने भांडावं.

तुमची,
ताई